समुद्रांतील टांगतीं शेतें

समुद्रास आपल्या पूर्वजांनीं ‘रत्नाकर’ हें नांव दिलें. परंतु ज्या शिंपल्यांच्या पोटीं मोतीं नसतात, तीं देखील सहस्रावधि कुटुंबांचा चरितार्थ चालवूं शकतात, हें आपल्या सुशिक्षित वर्गास फारसें ठाऊक नाहीं. ज्या घरीं मत्स्याहार वर्ज्य आहे, त्या घरींही हा विषय परका समजूं नये. कां, तें पुढें येईलच.

स्पेनच्या वायव्येस गालिसिया नांवाचा प्रांत आहे. तेथें समुद्राचे लांबट फांटे जमिनींत खोल शिरले आहेत. त्यांपैकीं आरोसाच्या फांट्यांत १९४६ च्या सुमारास शिनाण्यांची लागवड तराफ्यांवर सुरू झाली. निलगिरीच्या तुळयांची चौकट पिंपांसारख्या पोकळ तरंगकांवर ठेवून ती नांगरतात. एका तराफ्यास फार तर ५०० दोर, व प्रत्येक दोर फार तर १२ मीटर लांब, असा तेथें निर्बंध आहे. खडकांवरून आणलेलें बारीक बीं विरघळणाऱ्या जाळीनें दोरास गुंडाळतात. जाळी विरघळेपर्यंत तें स्वतःच्या तंतूंनीं दोरास चिकटलेलें असतें. पुढें दाटी झाली म्हणजे, भाताचीं रोपें उपटून विरळ लावावीं त्याप्रमाणें, तें दुसऱ्या दोरांवर विभागतात. या पिकास खत नको, चारा नको. समुद्राच्या तळाकडील सत्त्वयुक्त पाणी वाऱ्यांमुळें वर येतें, त्यांत सूक्ष्म वनस्पति वाढतात, आणि त्या गाळून शिनाणे पुष्ट होतात. आज तेथें ३,००० हून अधिक तराफे आहेत, आणि चांगल्या वर्षीं उत्पन्न दोन लक्ष टनांवर जातें. बहुतेक मालकांकडे एक-दोनच तराफे असतात. म्हणजे हा धंदा मुख्यतः कुटुंबांचा आहे.

मग आपल्या खाड्यांत उद्यांच तराफे कां सोडूं नयेत? गोमंतकांत दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं हिरव्या शिनाण्यांवर असा प्रयोग करून १९७७ सालीं त्याचें फल प्रसिद्धही केलें. केरळांत कासरगोडकडील स्त्रियांच्या गटांनीं उथळ खाजणांत बांबूंच्या मांडवांस दोर बांधून हें पीक घेतलें आहे. मात्र आपल्याकडे पावसाळ्यांत खाडीचें पाणी गोडें होतें व शिनाणे मरतात. म्हणून काढणी त्यापूर्वीं उरकावी लागते.

याहून मोठी अडचण निराळी आहे. जो जीव पाणी गाळून जगतो, तो त्यांतील विषही सांठवितो. १९७६ सालीं गालिसियाचे शिनाणे खाऊन युरोपांतील अनेक देशांत लोक आजारी पडले. तें विष सूक्ष्म वनस्पतींचें होतें, आणि असलें विष शिजविल्यानें जात नाहीं. तेव्हांपासून तेथें पाण्याची व मांसाची नियमित तपासणी होऊं लागली. दोष आढळला कीं काढणी बंद. मग मालक कितीही रडो.

आपल्या खाड्यांस निसर्गाच्या विषापूर्वीं गांवच्या गटारांचें भय आहे. आपल्या ताटांत शिनाणे येवोत वा न येवोत, आपल्या मोरीचें व शौचकूपाचें पाणी त्यांच्या मुखीं जातें, आणि तेथून खाणाऱ्याच्या पोटांत. कोळ्याच्या मुलास उद्यां असें शेत लाभावयाचें असेल, तर त्याची पहिली मशागत त्याच्या हातीं नाहीं, ती नगरांतल्या आपणां सर्वांच्या हातीं आहे. सोंवळें पाळणाऱ्या घरानें आपलें सांडपाणी कोठें जातें हें एकदां तरी विचारावें. नगरपालिकेच्या निवडणुकींत मत मागावयास येणाऱ्यासही तोच प्रश्न करावा. शुद्धतेचा आपला अभिमान उंबऱ्याशींच संपत असेल, तर तो अपुरा होय.