कोवळी भाषा, पैशांचा हिशेब

रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध १९९९ मध्ये बाजारात आले. चाचण्या झाल्या होत्या, मान्यताही होती. तरी हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसल्यावर २००४ मध्ये ते मागे घ्यावे लागले. काही दोष लाखो माणसांनी औषध घेतल्याशिवाय नीट दिसतच नाहीत.

संगणकाच्या भाषांचेही तसेच. 'टायगरबीटल' हा आर्थिक व्यवहारांचा डेटाबेस २०२० पासून 'झिग' या भाषेत लिहिला जातो आहे. एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा, आणि पैशाचाही फरक नको, एवढेच त्याचे काम. पण झिग लोकांसमोर आली २०१६ मध्ये, आणि तिची १.० आवृत्ती अजून यायची आहे. म्हणजे भाषेचे नियमच अधूनमधून बदलतात. 'सी' ही १९७० च्या दशकातली भाषा. तिचे खाचखळगे प्रोग्रामरना पाठ आहेत. मग पैसे कोवळ्या भाषेच्या भरवशावर का ठेवायचे?

प्रश्न रास्त आहे, पण जुने म्हणजे निर्धोक असेही नाही. 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना किरणांची भयंकर मात्रा दिली, काही दगावले. त्यात आधीच्या यंत्रांतला कोड वापरला होता. त्या यंत्रांत चूक अडवणारे यांत्रिक अडसर होते, म्हणून दोष झाकला गेला. नव्या यंत्रातून ते अडसर काढले होते.

टायगरबीटलचे कर्ते ही जोखीम ओळखून आहेत. लागेल तेवढी मेमरी ते सुरुवातीलाच राखून ठेवतात. शस्त्रक्रियेआधी सगळी हत्यारे ट्रेमध्ये मांडावीत तशी. डिस्क बिघडली, संदेश हरवले, अशी संकटे सिम्युलेटरमध्ये मुद्दाम घडवून पाहतात. मला हे भाषेच्या वयापेक्षा मोलाचे वाटते. तरीही २०२५ मध्ये 'जेप्सेन'च्या तपासणीत काही शोधांना अपुरी उत्तरे मिळण्याचा दोष सापडलाच. तो दुरुस्त झाला, अहवालही सर्वांसाठी खुला आहे. औषधांच्या दुष्परिणामांबाबत इतका मोकळेपणा दिसला तर किती बरे!

नक्कल करता येत नाही ती वापरणाऱ्यांच्या संख्येची. कंपायलरमधला एखादा विरळा दोष भाषा हजारो ठिकाणी राबल्यावरच बाहेर येतो. म्हणून एखाद्या बँकेने हा डेटाबेस घेतलाच, तर जुनी व्यवस्था लगेच मोडीत काढू नये. काही महिने दोन्ही शेजारी शेजारी चालवाव्यात आणि रोज संध्याकाळी ताळा जुळवावा. झिगची नवी आवृत्ती घेताना सगळ्या चाचण्या पुन्हा करता का, हेही कर्त्यांना आधीच विचारावे.