बाटली रिकामी झाली, पण बाळ?

"संपवली का हो सगळी?" जेवणाच्या सुट्टीत कंपनीतून घरी फोन लावला की आईचा पहिला प्रश्न हाच. आमच्या सांगवीत अशा आया गल्लोगल्ली आहेत. कुणी हिंजवडीला आयटीत, कुणी भोसरीच्या एमआयडीसीत, कुणी पहाटेच्या बसने चाकणला. बाळ आजीकडे, नाहीतर शेजारच्या मावशींकडे. तिकडचं उत्तरही ठरलेलं, "अगं, पाच मिनिटांत फस्त!" की आईचा जीव भांड्यात पडतो.

मैत्रिणींनो, मला विचाराल तर या पाच मिनिटांचं कौतुक आपण आता थांबवायला हवं.

अंगावर पिताना बाळ आपल्या मर्जीने पितं. चार घोट ओढतं, थांबतं, श्वास घेतं, पुन्हा ओढतं. पोट भरलं की आपणहून सोडतं. बाटली उपडी धरली की मात्र दूध येतच राहतं. बाळाला गिळण्यावाचून गत्यंतर नसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, किती भुकेलं होतं गं! मग ठसका, ओकारी, पोटात वारा, रडारड. रडतंय म्हणजे अजून भूक आहे, म्हणून पुन्हा बाटली! अशा भसाभस दुधाची सवय लागली की काही बाळं संध्याकाळी आईच्या अंगावर प्यायला कुरकुरतात. दमून आलेल्या आईला वाटतं, आपलं दूधच आटलं.

सावकाश पाजणं अवघड मुळीच नाही. बाळाला आडवं न झोपवता मांडीवर जरा बसतं धरा, मानेला-पाठीला आधार द्या. निप्पल लहान भोकाचं घ्या. ते तोंडात कोंबू नका. ओठांना लावा, बाळ आ करील तेव्हा द्या. बाटली आडवी धरा, निप्पलमध्ये दूध राहील इतपतच. काही घोट झाले की बाटली खाली करा, दम घेऊ द्या. मध्ये एकदा कूस बदला. पंधरा-वीस मिनिटं लागली तर लागू द्यात. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, मुठी सैल सोडल्या की झालं. वाया जाईल म्हणून उरलेले दोन घोट घशाखाली घालू नका. त्यापेक्षा आधीच थोडं भरा, लागलं तर पुन्हा घ्या. आणि उशीचा टेकू देऊन बाटली तोंडात ठेवायची नि आपण कामाला लागायचं, हे तर नकोच नको.

डॉक्टर म्हणतील, मुळात बाटलीच कशाला? काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा. ते खरंच आहे. बाटली नीट स्वच्छ राहत नाही आणि जुलाबाचं निमित्त होतं. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, ती उगाच नाही. जमेल तिने वाटी-चमचाच घ्यावा. पण घाई तिथेही होतेच. जुन्या घरांतलं बोंडलं आठवा. त्याची धार सरळ घशात सोडली तर बाळ गुदमरायचंच. भांडं कुठलंही असो, पाजणारा हात शांत हवा.

यात दोष आजीचा किंवा मावशींचा नाही. कुकर, नळाचं पाणी, थोरल्याची शाळेची रिक्षा, सगळं त्यांच्याच डोक्यावर. वीस मिनिटं बसून पाजणं हेही काम आहे, असं घरात कुणी धरतच नाही. ते धरा, आणि त्या वेळात बाकीचं दुसऱ्या कुणीतरी उचला. आजोबा आणि बाबाही पाजू शकतात की! २०१७ मध्ये पगारी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. पण कंत्राटावरच्या किती जणींच्या वाट्याला ते येतं, हे आपण आजूबाजूला बघतोच. बाळाचं पोट मग घरातल्यांच्याच हाती राहतं.

दूध पुरतंय का, हे रिकाम्या बाटलीवरून कळत नाही. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का आणि वजन वाढतंय का, ते बघा. पुढच्या वेळी बाळाला वजनाला न्याल तेव्हा पाजणाऱ्या मावशींनाही सोबत घ्या. काट्यावरचा आकडा त्यांनाही दिसू दे.