पॉवर घेतलीस, पण ताप कुठे ठेवशील?

सायकलमध्ये हातपंपाने हवा भरलीय कधी? मग पंपाच्या खालच्या टोकाला बोट लागून बसलेला चटका आठवत असेल. हवा दाबली, की ती तापते. बास! आजच्या कॉलमचं अख्खं फिजिक्स एवढंच आहे. बाकी सगळी माझ्या मावसभावाची स्टोरी.

दादा अमेरिकेत, मिशिगनमध्ये असतो. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार मस्टँग. २०१८ची मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४६० हॉर्सपॉवर. आपल्याकडे १०० हॉर्सपॉवरच्या हॅचबॅकचा मालकही सोसायटीत ताठ मानेने फिरतो! पण दादाला ४६० कमी पडायला लागले. मग बोनस आला, आणि बोनसबरोबर आठ-नऊ हजार डॉलरचा एक खोका घरी आला. सुपरचार्जर! वहिनीने त्या रात्री फक्त एकच प्रश्न विचारला, ‘‘किचनचं काम पुढच्या वर्षी का?’’ दादाने उत्तर दिलं नाही. सूज्ञ माणूस.

मी सुट्टीला त्याच्याकडे गेले, ते नेमकं तो खोका इंजिनवर चढल्यानंतर. सप्टेंबरातली छान थंड सकाळ. आम्ही साऊथ हेवनजवळच्या जिंजरमन ट्रॅकवर होतो. दोन मैलांच्या आसपासचा ट्रॅक, ११ वळणं. दादाने माझ्या हातात स्टॉपवॉच आणि पॅड दिलं. ‘‘पत्रकार ना तू? मग नोंदी घे.’’

आता एक गैरसमज आधीच दूर करते. अमेरिकेत ‘रोड रेसिंग’ म्हणजे रात्री दोन वाजता हायवेवर केलेला वेडेपणा नव्हे. डावी-उजवी वळणं असलेल्या बंद ट्रॅकवरची शर्यत म्हणजे रोड रेसिंग. हेल्मेट, झेंडे, अँब्युलन्स, सगळं शिस्तीत. आणि मसल कारचा मूळ स्वभाव याच्या बरोब्बर उलटा. १९६४च्या पाँटिअॅक जीटीओपासून या जमातीचा फंडा सोपा होता. मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्ठं इंजिन बसवा आणि सिग्नल सुटला की सरळ रेषेत सुसाट सोडा. पाव मैल, दहा-बारा सेकंद, खेळ खल्लास. इंजिनाला तापायला वेळच मिळत नाही.

ट्रॅकवर मात्र एक सेशन २० मिनिटांचं असतं. आणि तिथेच गोची होते.

सुपरचार्जर करतो काय? इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा दाबून आत कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त धमाका. दादाच्या गाडीत साधारण ८ पीएसआय जास्तीचं प्रेशर होतं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण ३० अंशांची हवा एवढी दाबली, तर अगदी आदर्श गणितातही ती ७० अंशांवर जाते. प्रत्यक्षातला सुपरचार्जर आदर्श नसतो, त्यामुळे ती नव्वदीला टेकते. आणि गरम हवेचे दोन तोटे. एक, ती विरळ असते, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्यातला काही भाग पाण्यात. दुसरा तोटा जास्त वाईट. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता स्वतःच भडकतं. आपले मेकॅनिक ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते हेच. साध्या बाईकमध्ये नुसतं टकटक ऐकू येतं. ७०० हॉर्सपॉवरच्या इंजिनमध्ये पिस्टनचे तुकडे पडू शकतात.

म्हणून मध्ये इंटरकूलर असतो. दाबलेली हवा इंजिनात शिरण्याआधी पाण्याने गार केलेल्या जाळीतून जाते. ते पाणी गाडीच्या नाकाजवळच्या एका वेगळ्या छोट्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत येतं. कागदावर झकास!

पॅडवर मी लिहिलेले आकडे असे होते. दुसरी लॅप १ मिनिट ४६ सेकंद. दादा बाहेर येईल तेव्हा पार्टी, असं मी मनात ठरवूनही टाकलं. तिसरी लॅप १:४८. चौथी १:५०. पाचवी १:५३. आणि मग गाडी इंडिकेटर देत हळूच पिटमध्ये शिरली. बॉनेट उघडलं तर तवा तापल्यासारखी धग अंगावर आली. दादाच्या लॅपटॉपवर सगळी नोंद होती. इंजिनात शिरणारी हवा दर लॅपला दहा-बारा अंशांनी चढत गेलेली. तेल १४५ अंशांच्या पुढे. आणि गाडीच्या कॉम्प्युटरने हे बघून ठिणगीचं टायमिंग मागे घेत घेत पॉवर कापलेली. म्हणजे ७०० घोड्यांमधले कितीतरी घोडे पाचव्या लॅपपर्यंत सावलीत जाऊन बसले होते!

आता एक हिशेब बघा, मला तरी तो कळल्यावर घाम फुटला. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकं फिरवतो. बाकीची उष्णता होते, काही सायलेन्सरमधून जाते, काही पाण्यात आणि तेलात. ७०० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ५२० किलोवॅट. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबलेला असताना पाण्यात आणि तेलात जाणारी उष्णता अगदी हात राखून धरली तरी ३०० किलोवॅट. आपला दीड टनाचा एसी खोलीतून पाचेक किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे ६० एसींचं काम गाडीच्या नाकातल्या दोन-तीन जाळ्यांनी करायचं! वर त्या जाळ्या एकामागे एक उभ्या. पुढच्या जाळीने गरम केलेली हवाच मागच्या रेडिएटरला मिळते. लोकलच्या गर्दीत पंख्याखाली कोण उभं आहे यावर तुमची सकाळ ठरते ना, तसंच.

दुपारच्या सेशनआधी खरी परीक्षा झाली. शेजारच्या गॅरेजमधला एक गोरा, दाढीवाला, एकदम मदतीला तत्पर माणूस आला. त्याच्याकडे लॅपटॉपमध्ये एक फाइल होती. ती गाडीत टाकली की कॉम्प्युटर टायमिंग मागे घेणं बंद करतो. हवा कितीही तापू दे, पॉवर फुल्ल. पाच मिनिटांचं काम, वर फुकट!

दादा गप्प उभा. मी त्याला ओळखते. शाळेत असताना गच्चीवरून उडी मारायची पैज लागली होती, तेव्हाही तो असाच गप्प उभा होता. (मारली. हात मोडला.) या इंजिनचं काही झालं असतं, तर नवीन इंजिन म्हणजे किचन पुढच्या वर्षी नाही, पुढच्या दशकात. वॉरंटी तर खोका उघडला त्याच दिवशी गेली होती. आणि सरळ रस्त्याच्या शेवटी, ताशी दोनशेहून जास्त वेगात इंजिन फुटलं, तेल मागच्या चाकांखाली आलं, तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

‘‘दादा, ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणार का तू?’’ मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या माणसाचे आभार मानले आणि गाडी ट्रेलरवर चढवली. परतीच्या वाटेवर तीन तास गाणीसुद्धा लावली नाहीत.

दादाला जे त्या दिवशी कळलं, ते मोठ्या कंपन्यांनाही टप्प्याटप्प्यानेच कळलंय. १९६६मध्ये शेल्बी जीटी-३५० मस्टँगला पॅक्स्टनचा सुपरचार्जर जास्तीचे पैसे भरून मिळायचा. तेव्हापासून आकडे वाढतच गेले. पण बघण्यासारखं काय आहे, तर आकड्यांबरोबर जाळ्याही वाढत गेल्या. २०१७च्या कॅमेरो झेडएल-वनमध्ये ६५० हॉर्सपॉवर होते आणि उष्णता बाहेर फेकायला ११ हीट एक्स्चेंजर! २०२०च्या शेल्बी जीटी-५००मध्ये ७६० हॉर्सपॉवर आले. तिथे सुपरचार्जर चक्क उलटा बसवला आणि इंटरकूलर इंजिनच्या ‘व्ही’च्या खोबणीत सरकवला. बॉनेटवर सुमारे सहा चौरस फुटांचा झरोका. आतला पावसाचं पाणी अडवणारा ट्रे ट्रॅकवर काढून ठेवायचा, म्हणजे गरम हवा भसाभस वर.

याच्या उलट २०१८ची डॉज डीमन बघा. तिने एसीचा गारवा केबिनऐवजी इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला. भन्नाट आयडिया, पण ती ड्रॅग रेसची, म्हणजे पाव मैलाची गाडी. काही सेकंदांसाठी गारवा साठवून ठेवता येतो. २० मिनिटांसाठी नाही.

दादाची चूक नेमकी इथेच होती. त्याने पाण्याची टाकी मोठी केली होती. आता तुम्हीच सांगा, बादलीखालचा नळ जोरात चालू असेल आणि खालचं भोक बारीक असेल, तर बादली मोठी घेऊन काय होणार? ती भरेलच, फक्त थोडी उशिरा. ट्रॅकवर महत्त्व बादलीला नाही, भोकाला. जेवढी उष्णता आत येतेय, तेवढीच दर सेकंदाला बाहेर गेली पाहिजे.

मिशिगनचा हिवाळा लांबलचक. बर्फ पडत होता आणि दादा गॅरेजमध्ये होता. सगळ्यात आधी सगळ्यात स्वस्त काम. गाडीच्या नाकातून आत आलेली हवा कुठे जाते? जिथे सोपी वाट मिळेल तिथे! रेडिएटरच्या आजूबाजूच्या फटींतून ती चक्क पळून जात होती. अॅल्युमिनियमचे पत्रे आणि फोमच्या पट्ट्या लावून त्याने सगळ्या फटी बुजवल्या. खर्च एका फॅमिली डिनरएवढा. मग आत आलेल्या हवेला बाहेरची वाट. बॉनेटला झरोके पाडले, पण काचेजवळ नाही. काचेच्या तळाशी हवेचा दाब जास्त असतो, तिथे भोक पाडलं तर हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. झरोके पुढच्या अर्ध्या भागात, जिथे दाब कमी असतो.

मग इंटरकूलरसाठी मोठा रेडिएटर, तेलाला वेगळा कूलर. कूलंटमध्ये अँटिफ्रीझचं प्रमाण उन्हाळ्यापुरतं कमी आणि डिस्टिल्ड वॉटर जास्त, कारण उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याचा हात कुणी धरत नाही. ब्रेकला थंड हवेचे पाइप, कारण वेग वाढला की तो थांबवण्याची उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते.

आणि सगळ्यात शेवटी, छातीवर दगड ठेवून, सुपरचार्जरची पुली बदलली. छोटीच्या जागी मोठी! पुली मोठी झाली की सुपरचार्जर हळू फिरतो, हवा कमी दाबली जाते, कमी तापते. सातशेचे साडेसहाशेच्याही खाली आले. ‘‘पैसे भरून पॉवर कमी करून घेणारा जगातला एकमेव मराठी माणूस,’’ वहिनीची कॉमेंट.

मे महिन्यात तो पुन्हा जिंजरमनला गेला. मी पुण्यात, रात्री उशिरापर्यंत जागी. मेसेज आला. १:४७. मग १:४७. मग १:४७. सलग नऊ लॅप्स, सगळ्या एका सेकंदाच्या आत! पहिल्या वेळच्या सगळ्यात फास्ट लॅपपेक्षा जराशा स्लो, पण पाचव्या लॅपला तब्बल सहा सेकंदांनी पुढे. शेवटची लॅप त्याने मुद्दाम सावकाश मारली, ब्रेक न तापवता, म्हणजे सगळं निवांत गार होईल. पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडं आणि इंटरकूलरचा पंप चालूच. तेल १२०च्या आसपास.

मसल कारचं काय होणार, हा प्रश्न तसाही आहेच. कॅमेरो आणि चॅलेंजर, दोन्हींचं उत्पादन २०२३च्या शेवटी थांबलं. मस्टँग मात्र अजून तग धरून आहे. २०२४मध्ये मस्टँग जीटीडीने जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर ६ मिनिटं ५७.६८५ सेकंदांची लॅप मारली. पुढे सुपरचार्जर लावलेलं ५.२ लिटरचं व्ही-८च. अशा गाडीच्या ब्रोशरवर मोठ्या अक्षरात हॉर्सपॉवर असते. पण सात मिनिटं पूर्ण जोरात पळायचं, तर त्या आकड्याच्या मागे बारीक अक्षरातल्या जाळ्या, पंप आणि झरोकेच उभे असतात.

परवा ऑफिसातली एक मैत्रीण अभिमानाने सांगत होती, आठवडाभर रोज चार तासांची झोप, तीन प्रोजेक्ट्स, डोकं दुखलं की गोळी. मी तिला दादाच्या दोन्ही दिवसांची नोंद दाखवली. ती म्हणाली, ‘‘मला गाड्यांतलं काही कळत नाही गं.’’ मग पाचव्या लॅपच्या आकड्यावर बराच वेळ बोट ठेवून बसली.

दादाच्या किचनचं काम ऑगस्टमध्ये सुरू होतंय. चिमणी मोठी बसवायची म्हणे. गरम हवेला बाहेरची वाट हवी, हे आता त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही!