बी.ए.चा हिशोब आम्हीच मांडणार

'बी.ए. करून काय दिवे लावणार?' हा प्रश्न आमच्या वस्तीत रोज विचारला जातो. मामा विचारतो, नाक्यावरचा मुकादम विचारतो, टीव्हीवरचा टायवाला तज्ज्ञही विचारतो. मामाचा प्रश्न पोटातून येतो. त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. टायवाल्याचा कुठून येतो ते नंतर बघू. आधी हिशोब.

मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो. फी सरकारनं भरली, म्हणून 'तुमचं काय बाबा, फुकट शिक्षण' असं कँटीनमध्ये ऐकून घेतलं. हे फुकट म्हणजे किती, ते एकदा बघाच, दोस्तांनो.

नाक्यावर रोज ४०० रुपये हाजरी धरा, महिन्याला २५ दिवस काम धरा. महिन्याचे १०,०००, वर्षाचे १,२०,०००, तीन वर्षांचे ३,६०,०००. कॉलेजात बसलेला पोरगा एवढी मजुरी घरात आणत नाही. ही फी कुठल्याच पावतीवर छापलेली नसते. ती आई भरते, जादा दोन घरची भांडी घासून.

आता सरकारची बाजू. २०२१ च्या नियमांप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता वर्षाला ३,००० रुपये. म्हणजे महिन्याला २५०. तीन वर्षांचे ९,०००. वर उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. आई आणि बाप दोघं महिन्याला साडेदहा हजार कमवायला लागले की साहेबांच्या लेखी आपण श्रीमंत, भत्ता बंद! स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० आहेत, पण ते बाहेरगावच्या पोरांना. त्याच शहरातल्या झोपडपट्टीत वाढलेल्याला त्यातलं काही नाही.

आता कमाई. समजा बी.ए.ला १५,००० ची नोकरी मिळाली. मजुरापेक्षा महिन्याला ५,००० जास्त. बुडालेले ३,६०,००० भरून यायला ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं लागतात. तेही निकालाच्या दुसऱ्या दिवशी नोकरी लागली तर. स्पर्धा परीक्षेच्या नावानं आणखी तीन वर्षं अभ्यासिकेत काढली तर हाच आकडा बारा वर्षांवर जातो. २०२२-२३ च्या सरकारी श्रमबल पाहणीत देशाची एकूण बेकारी ३.२ टक्के होती, पदवीधरांची १३.४ टक्के. अडाणी माणसाला बेकार राहणं परवडतच नाही, तो मिळेल ते काम करतो, म्हणून त्याचा आकडा लहान दिसतो. ही काही अडाणीपणाची कमाई नव्हे.

मग मामा बरोबर? पैशापुरता, आजच्या बाजारात, बराचसा बरोबर. पण हा बाजार आपोआप असा झालेला नाही. आमच्या बी.ए.ला भाव होता तो राखीव जागांच्या सरकारी नोकरीमुळं. ती नोकरी कंत्राटी करत आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं बाह्य संस्थांमार्फत भरतीचा निर्णय काढला, ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरात मागं घेतला. कागद मागं गेला, वृत्ती तिथंच आहे. कंत्राटदाराच्या वहीत बिंदुनामावली नसते.

आता टायवाला. तो आम्हाला सांगतो, इतिहास-साहित्य सोडा, कौशल्य शिका. वेल्डिंग शिकायला माझी ना नाही, आमचे हात काय आजचे कामाला लागलेत? पण याचा स्वतःचा पोरगा कुठं असतो? खासगी विद्यापीठात, 'लिबरल आर्ट्स'ला, वर्षाला कित्येक लाख भरून. तोच इतिहास, तेच राज्यशास्त्र, तेच साहित्य! तिथं शिकलं की त्याला नेतृत्व म्हणायचं, वस्तीतल्या पोरानं शिकलं की टाइमपास. राज्य कसं चालतं हे कुणी समजून घ्यायचं आणि कुणी फक्त पाना पकडायचा, याची ही जुनीच वाटणी आहे. भाषा तेवढी नवी.

वर नवीन धोरण आलं. चार वर्षांची पदवी. आमच्या हिशोबात चौथं वर्ष म्हणजे आणखी १,२०,०००. मधेच सोडलं तर एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका. आजवर ज्याला गळती म्हणत होते, त्याला आता कागद देणार.

बाबासाहेब १९१२ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. त्यासाठी बडोद्याची महिना २५ रुपये शिष्यवृत्ती होती. पुढं १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज त्यांनी काढलं. त्या अर्थशास्त्रज्ञाला शिक्षणाचा खर्च कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. ठाण्यात १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम सांगून फिर्याद लिहून घ्यायला लावणारा एक बी.ए. वस्तीत असला, तर त्याची कमाई ५,००० च्या फरकात मोजता येत नाही. फायदा सगळ्या वस्तीचा होतो आणि खर्च मात्र एकट्या आईच्या अंगावर पडतो. खोट आहे ती इथं.

म्हणून मामाला माझं उत्तर 'बी.ए. सोड' असं नाही. भत्ता बुडालेल्या मजुरीच्या हिशोबानं द्या, दर महिन्याला द्या. अडीच लाखांची मर्यादा उठवा. रिकामी पदं कायम भरा, राखीव जागांसह. पुढच्या मोर्चात पावती म्हणून हा ३,६०,००० चा आकडा फलकावर लिहून न्या. समाजकल्याणच्या साहेबाला विचारा, यातले ९,००० तुम्ही दिले, बाकीचे कधी देताय?