चित्राचा दर्जा ठरवतो कोण?

चित्रपटांच्या डिस्कचा बाजार उतरणीला लागून आता बरीच वर्षे झाली. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले. टपालाने डिस्क घरपोच देण्याची पंचवीस वर्षांची सेवा नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. 'बेस्ट बाय' या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीने २०२४ मध्ये डिस्कविक्री आवरती घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एलजीनेही प्लेअरच्या उत्पादनातून अंग काढून घेतले. या घडामोडींची चर्चा बहुधा सोयीच्या अंगाने होते. कपाटात डिस्क कशाला साठवायच्या, असा तिचा सूर असतो. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचा दर्जा कोण ठरवतो, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो. त्याचे उत्तर शोधायचे तर २००६ ते २००८ या काळात ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांच्यात जे युद्ध झाले, त्याकडे पुन्हा एकदा पाहायला हवे.

आधी थोडे गणित. हाय डेफिनिशन चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात आणि अशा २४ चौकटी दर सेकंदाला डोळ्यांपुढून सरकतात. रंगांची माहिती नेहमीच्या पद्धतीने कमी करूनही हा प्रवाह सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट इतका होतो. दोन तासांचा चित्रपट असा जसाच्या तसा साठवायचा झाल्यास ५०० गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. डिस्कवर मात्र हा प्रवाह साधारण २५ मेगाबिटांवर आणलेला असतो. म्हणजे माहितीचा चोविसावा हिस्सा तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. उरलेली माहिती टाकून देताना प्रेक्षकाच्या ती लक्षात येऊ नये, हेच कॉम्प्रेशनचे कौशल्य.

हे कौशल्य दोन गोष्टींवर उभे आहे. लागोपाठच्या चौकटींत फारसा फरक नसतो. त्यामुळे एक चौकट पूर्ण साठवून पुढच्या चौकटींतील केवळ बदल नोंदवले तरी भागते. दुसरे म्हणजे, चित्राचे लहान चौकोनी तुकडे करून त्यातील डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळता येतात. हिशेब चुकला, की धुरात आणि पाण्यात चौकोन दिसू लागतात, निळ्या आकाशात रंगांचे पट्टे उमटतात. ज्यांनी व्हीसीडीचा जमाना पाहिला आहे, त्यांना हे चौकोन चांगलेच आठवत असतील. व्हीसीडीवर चित्रासाठी सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिटाची सोय होती. डीव्हीडीने ती मर्यादा पावणेदहा मेगाबिटांवर नेली, एचडी डीव्हीडीने २९ वर आणि ब्लू-रेने ४० वर.

कागदावर पाहता लढाई सुरू होण्यापूर्वीच संपायला हवी होती. एचडी डीव्हीडीच्या एका थरात १५ आणि दोन थरांत ३० गिगाबाइट माहिती मावत असे, तर ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५०. तरीही २००६ च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या पहिल्या डिस्क बाजारात आल्या, तेव्हा जाणकारांनी चित्राचे श्रेय दिले ते लहान डब्याला! याचे कारण कॉम्प्रेशनच्या निवडीत होते. सोनीने आपल्या सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्कसाठी एमपेग-२ ही डीव्हीडीच्या काळातील जुनी पद्धत वापरली. तिची साधने हाताखालची होती, तंत्रज्ञ सरावलेले होते. परंतु दोन थरांच्या डिस्कचे उत्पादन तेव्हा मार्गी लागलेले नव्हते. त्यामुळे अधिक जागा मागणारी पद्धत २५ गिगाबाइटमध्ये कोंबावी लागली. याउलट वॉर्नर आणि युनिव्हर्सल यांनी एचडी डीव्हीडीसाठी मायक्रोसॉफ्टने विकसित केलेली व्हीसी-१ ही नवी पद्धत निवडली. ती निम्म्या जागेतही तुल्यबळ चित्र देऊ शकत होती आणि तिला ३० गिगाबाइट उपलब्ध होते.

सोनीच्या पहिल्या डिस्कपैकी 'द फिफ्थ एलिमेंट'वर एवढी टीका झाली, की २००७ मध्ये कंपनीला सुधारित आवृत्ती काढून जुन्या डिस्क बदलून द्याव्या लागल्या. मात्र हा दोष एकट्या एमपेग-२ च्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. ज्या मूळ प्रतीवरून ती डिस्क तयार झाली, तीच स्वच्छ नव्हती. २००६ च्या अखेरीस ५० गिगाबाइटच्या डिस्क येऊ लागल्या, एव्हीसी अर्थात एच.२६४ या पद्धतीची साधने परिपक्व झाली आणि ब्लू-रेने ही पिछाडी भरून काढली.

युद्धाचा आणखी एक परिणाम फारसा कुणाच्या ध्यानात आला नाही. वॉर्नर दोन्ही स्वरूपांत चित्रपट काढत असे. दोनदा कॉम्प्रेशन करण्याचा खर्च वाचवण्यासाठी एकच आवृत्ती दोन्हीकडे वापरली जाई आणि साहजिकच ती लहान डब्याच्या मापाने बेतलेली असे. ब्लू-रेच्या ग्राहकाने ज्या अधिक जागेसाठी पैसे मोजले, ती जागा त्याच्या डिस्कवर रिकामीच राहिली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळल्याचे जाहीर केले, तेव्हा कुठे ही अडचण दूर झाली.

जागा मिळाली, पद्धतही सुधारली. मग दर्जाचा प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. फिल्मवर चित्रित झालेल्या प्रत्येक चौकटीत बारीक कणांचा एक थर असतो. हे कण चौकटीगणिक बदलतात, त्यांच्यात कोणतीही संगती नसते. त्यामुळे पुढच्या चौकटीचा अंदाज बांधून काम करणारी पद्धत त्यांच्यापुढे हतबल ठरते. कण टिकवायचे तर भरपूर जागा खर्ची घालावी लागते. शिवाय नव्या सपाट टीव्हीच्या ग्राहकाला ते कण म्हणजे बिघाड वाटतील, अशी विक्री विभागाला धास्ती. यावर सोपा उपाय म्हणून सॉफ्टवेअरने कण पुसले जाऊ लागले. पण कणांबरोबर त्वचेचा पोत, कापडाची वीण आणि केसांच्या बटाही पुसल्या जातात. २००८ मध्ये आलेल्या 'पॅटन'च्या ब्लू-रेवर याच कारणासाठी टीका झाली आणि २०१२ मध्ये तो नव्याने काढावा लागला. 'प्रेडेटर'ची कथा तर अधिक बोलकी आहे. त्याची २००८ ची डिस्क जुन्या एमपेग-२ पद्धतीची, एकाच थराची आणि कणांनी भरलेली होती. २०१० मध्ये एव्हीसी पद्धतीची नवी आवृत्ती आली, ती इतकी घासूनपुसून की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागले. अनेक रसिकांनी जुनीच डिस्क जवळ ठेवणे पसंत केले.

२०१६ पासून आलेल्या फोर-के डिस्कवर १०० गिगाबाइटपर्यंत जागा आणि एचईव्हीसीसारखी समर्थ पद्धत आहे. तरीही २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्या 'ट्रू लाइज' आणि 'एलियन्स'च्या फोर-के डिस्कवर अनैसर्गिक गुळगुळीतपणाचा आक्षेप घेतला गेला. कॅमेरॉन यांनी या डिस्कचे समर्थन केले. दिग्दर्शकाचा आपल्या कृतीवर हक्क असतोच. पण प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिलेले चित्र पुन्हा पाहायला मिळावे, ही अपेक्षाही गैर म्हणता येणार नाही. डिस्कच्या बाबतीत निदान हा वाद घालता येतो. 'प्रेडेटर'ची जुनी प्रत कपाटात असल्यामुळेच नव्या प्रतीचे वैगुण्य दाखवता आले. कंपनीने चूक केली तर ती वस्तूरूपाने शिल्लक राहते.

स्ट्रीमिंगमध्ये ही सोय उरत नाही. तिथे चित्राचा प्रवाह किती असावा, हे दर क्षणी सेवा देणारी कंपनी आणि ग्राहकाची जोडणी मिळून ठरवतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा जाळ्यावरील भार हलका करण्यासाठी भारतातील प्रमुख सेवांनी मोबाइलवरील चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० रेषांच्या साध्या दर्जावर आणण्याचे ठरवले. त्या परिस्थितीत हा निर्णय समंजस होता. पण एका बैठकीत कोट्यवधी ग्राहकांच्या चित्राचा दर्जा बदलू शकतो, हेही त्यातून स्पष्ट झाले. फिल्मच्या कणांचेही तसेच. ते आधी काढून घ्यायचे, त्यांचे गुणधर्म तेवढे पाठवायचे आणि ग्राहकाच्या टीव्हीवर कृत्रिम कण निर्माण करायचे, असे तंत्र एव्ही-१ या पद्धतीत आहे आणि नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये त्याचा विस्तार केल्याचे जाहीर केले. तंत्र म्हणून ते कल्पक आहे, जागाही वाचवते. परंतु प्रेक्षकाला दिसणारे कण छायालेखकाच्या फिल्मवरचे नसतात, त्यांच्यासारखे असतात, हे विसरून चालणार नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेअंतर्गत सुमारे २२०० भारतीय चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना २०२२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जाहीर झाली. आपल्याकडच्या अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्या आहेत. अशा वेळी आज तयार होणारी डिजिटल प्रत हीच पुढच्या पिढीसाठी मूळ प्रत ठरेल. तीतून कण पुसले गेले, चेहरे गुळगुळीत झाले, तर ताडून पाहायला 'जुनी डिस्क' कुणाकडेही नसेल. म्हणून पुनरुज्जीवनात काय काढले आणि काय राखले, याची नोंद प्रत्येक चित्रपटासोबत जाहीर व्हायला हवी आणि कोणतीही सफाई करण्यापूर्वीचे स्कॅन जपून ठेवायला हवे. चित्रपट विकणाऱ्या कंपन्यांनीही 'एचडी' आणि 'फोर-के' या शिक्क्यांवर न थांबता प्रत कोणत्या मूळ सामग्रीवरून केली आणि प्रवाह किती मेगाबिटांचा आहे, हे सांगावे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक छापावे लागतात. चित्रपटाच्या ग्राहकाने तेवढीच माहिती मागितली, तर ती अवाजवी मागणी नाही.