नकाशाचें अज्ञान आणि आपलें घर

परदेशीं जाऊन आलेल्या आपल्या मंडळींच्या बोलण्यांत तिकडील लोकांच्या भूगोलविषयक अज्ञानाच्या गोष्टी हटकून येतात. अमेरिकेंत "मी इंडियन" असें सांगितलें असतां "कोणत्या जमातीचे?" असा उलट प्रश्न आल्याची गोष्ट तर पुष्कळांनीं ऐकिली असेल. कोलंबसानें १४९२ सालीं केलेली चूक पांचशें वर्षें उलटलीं तरी तेथें पुरती निस्तरली नाहीं, असें म्हणून ऐकणारे हंसतात, व आपण त्यांच्याहून शहाणे या समाधानांत गोष्ट संपते. आमच्या मतें हा विषय इतक्यावर सोडण्यासारखा नाहीं.

तिकडील अज्ञान कल्पित आहे असें नव्हे. २००६ सालीं नॅशनल जिऑग्राफिक संस्थेनें १८ ते २४ वर्षे वयाच्या अमेरिकन तरुणांची पाहणी करविली. तींत शेंकडा ६३ जणांस मध्यपूर्वेच्या नकाशांत इराक दाखवितां आला नाहीं, व जवळजवळ निम्म्यांस आशियाच्या नकाशांत हिंदुस्थान सांपडला नाहीं. इराकांत तर त्यांच्याच देशाचें सैन्य २००३ पासून लढत होतें! ज्या प्रजेच्या मतांवर सरकार बनतें, तिला आपलें सैन्य कोठें मरतें व मारितें हें ठाऊक नसावें, ही स्थिति हंसण्याजोगी खचित नाहीं. शिवाय अशा अज्ञानाची किंमत निरपराध माणसांस भरावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनीं ॲरिझोनांतील मेसा गांवीं पेट्रोलपंप चालविणाऱ्या एका शीख गृहस्थास गोळी घालून ठार करण्यांत आलें. दाढी व पगडी एवढ्यावरून मारेकऱ्यानें त्यास अरब मुसलमान ठरविलें. तो अरब असता तरी निरपराधच होता. पण पंजाब कोठें व अरबस्तान कोठें, इतका विचार करण्याचीही मारणारास गरज वाटली नाहीं.

आतां आपल्या घराकडे पाहूं. जानेवारी २०१४ मध्यें दिल्लींतील लाजपतनगरांत अरुणाचल प्रदेशाचा एक विद्यार्थी पत्ता विचारण्यास एका दुकानांत गेला. त्याच्या केसांची व रूपाची टवाळी झाली, तंटा वाढला, मारहाण झाली व दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. पुढें केंद्र सरकारनें नेमिलेल्या बेझबरुआ समितीनें त्याच वर्षीं अहवाल दिला. ईशान्येचा इतिहास व संस्कृति अभ्यासक्रमांत घ्यावी, अशी त्यांत शिफारस आहे. असें असूनही २०२० च्या साथींत त्याच प्रांतांतील आपल्या देशबंधूंस "कोरोना" म्हणून हांक मारणारे लोक अनेक शहरांत निघाले. पुण्यामुंबईंत शिकावयास आलेल्या मणिपुरी वा नागा मुलीस "चिनी" म्हणणारा माणूस आणि शिखास अरब समजणारा माणूस, यांच्या अज्ञानांत अंतर तें किती? किंबहुना दोष आपलाच अधिक. त्यांस परका देश ठाऊक नव्हता. आपणांस स्वतःचा ठाऊक नाहीं.

कोणी व्यापारी म्हणेल, मणिपूर नकाशांत कोठें आहे हें कळून आमच्या दुकानास काय उपयोग? त्यास आमचें उत्तर असें कीं, सिलिगुडीजवळ आपल्या देशाची जी चिंचोळी पट्टी एके ठिकाणीं अवघी सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे, तिच्यावरूनच आसामचा चहा रेल्वेनें आपल्या बाजारांत येतो. दुसरें असें कीं, राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास देशांत कोठेंही राहण्याचा व धंदा करण्याचा हक्क दिला आहे. परंतु या हक्काचा निकाल कोर्टांत जाण्यापूर्वींच घरमालकाच्या उंबऱ्यावर लागतो. भाडेकरूचा चेहरा पाहून जो "जागा नाहीं" म्हणतो, त्याच्यापुढें घटनेचें कलम काय करणार?

यावरील उपाय खर्चाचा नाहीं. भूगोल हा परीक्षेपुरता घोकून विसरण्याचा विषय, ही समजूत प्रथम शिक्षकांनीं सोडावी. प्रत्येक वर्गांत, वाचनालयांत आणि शक्य तर पेढीवरही भारताचा मोठा नकाशा टांगावा, व रोजच्या पत्रांत ज्या गांवाचें नांव येईल त्यावर मुलांकडून बोट ठेववावें. गणेशोत्सवाच्या व्याख्यानांस ईशान्येच्या एखाद्या विद्यार्थ्यास बोलवावें व त्याच्या गांवाची हकीकत त्याच्याच तोंडून ऐकावी. ज्यांच्या घरांत खोली रिकामी आहे, त्यांनीं येणारा कोठला हें आदरानें विचारावें आणि उत्तर ऐकून खोली द्यावी. एवढें झालें म्हणजे परदेशांतील अज्ञानास हंसण्याचा अधिकार आपणांस आहे कीं नाहीं, हें मग पाहतां येईल.