आडनाव विचारल्यानंतरची माया

मसूर स्टेशनचा प्रसंग चळवळीत कोणाला ठाऊक नाही? १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेले लहानगे भीमराव, सोबत भाऊ आणि भाचे. न्यायला कोणी आले नाही. पोरांचे कपडे नीटनेटके पाहून स्टेशन मास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. पोरांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे, असे शेवटी ठरले.

हे डोक्यात असल्यामुळेच प्रवासात कोणी माया दाखवली की आम्ही पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो.

काही वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवरून आम्ही दोघे पाच महिन्यांच्या लेकराला घेऊन मुंबईकडे निघालो होतो. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरू रडून लाल झालेले. बडनेऱ्याला एक आजी चढल्या. त्यांनी गाठोड्यातले जुने लुगडे काढले, वरच्या बर्थच्या साखळ्यांना झोळी बांधली आणि लेकराला आत टाकून झोका देऊ लागल्या. भुसावळला एका चहावाल्याने दुधाची बाटली उकळत्या पाण्याने धुऊन दिली, पैसे घेतले नाहीत.

मग आजींनी विचारलेच, "कोणत्या गावचे हो तुम्ही? आडनाव काय?"

आम्ही आडनाव सांगितले. दीक्षाभूमीवरून येतोय, हेही सांगितले. आजी क्षणभर गप्प झाल्या. वकिलाचे मन ते! तेवढ्यात आम्ही त्यांच्यावर फिर्याद दाखल करून साक्षीपुरावाही तपासून टाकला होता. आजी म्हणाल्या, "आन लेकराचं नाव काय ठेवलं?" झोका थांबलाच नव्हता.

प्रत्येक वेळी असेच घडते, असे आम्ही म्हणणार नाही. एका एसटी प्रवासात मांडीवर घेतलेले हेच लेकरू एका बाईंनी आडनाव ऐकल्यावर काही न बोलता परत दिले होते. तो स्पर्श काढून घेणे कोणत्या कलमात बसवणार? अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहनात मज्जाव करणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पुढे त्याच कायद्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. त्या कायद्याने डब्याचे दार उघडले, आणि ते फार मोठे काम आहे. पण आत गेल्यावर कोणी सरकून जागा द्यावी, असा हुकूम न्यायालय देऊ शकत नाही. बाबासाहेबांनी घटनेच्या उद्देशिकेत बंधुतेचा आग्रह धरला तो त्यासाठीच.

आता थोडे आपल्याबद्दल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे येणाऱ्या गाड्यांत विदर्भ-मराठवाड्यातील मायमाऊल्या तान्ही पोरे घेऊन आरक्षित डब्यातही शिरतात, कारण जनरल डब्यात श्वास घेता येत नाही. त्याच डब्यात आपलेच शिकलेले, नोकरदार बांधव तिकीट दाखवून "हा रिझर्व्हेशनचा डबा आहे" असे खडसावताना आम्ही पाहिले आहेत. एकदा आम्हीही त्यांच्यात होतो. कायद्याने आमचे बरोबर होते. ती बाई मुलाला कवटाळून संडासाच्या दाराशी जाऊन बसली. नाशिकपर्यंत आम्हाला झोप लागली नाही. मग उठलो आणि तिला आत बोलावून आणले.

"जयभीम दादा," एवढेच ती म्हणाली आणि मूल आमच्या बर्थवर निजवले.